जुनाट खांदेदुखी आणि कष्टकऱ्यांचे स्नायू: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापूरच्या पूर्व भागात काम करते. संध्याकाळी पाळी सुटली की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून यंत्रमाग कामगार येतात, गारमेंटमधल्या शिलाईवाल्या येतात, कुंभारीकडून विडी वळणाऱ्या मावश्या येतात, अधूनमधून मार्केट यार्डातले हमालही येतात. कामं वेगळी, पण तक्रार बहुतेकदा एकच असते, "खांदा लई दुखायलाय, हात वर जाईना झालाय." त्यानंतर जे प्रश्न येतात, तेही ठरलेले. ते इथं एकत्र मांडले आहेत. तुमच्या घरात कुणी असं दुखणं अंगावर काढत असेल, तर त्यांना वाचून दाखवा.

खांदेदुखी जुनाट कधी म्हणायची?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकली की. मध्ये चार दिवस बरं वाटून पुन्हा सुरू होत असेल, तरी ती जुनीच धरायची.

मी दिवसभर हातानंच राबतो. माझे स्नायू कमजोर कसे असतील?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि बाकीच्या सगळ्या उत्तरांचं मूळ यातच आहे. काम म्हणजे व्यायाम नव्हे.

व्यायामात स्नायूवर थोडा वेळ चांगला जोर येतो, मग तो सैल सुटतो आणि पुढचा दीड-दोन दिवस त्याला सावरायला मिळतात. त्या सावरण्यात तो बळकट होतो. कामात नेमकं उलटं घडतं. जोर थोडा असतो, पण तो सुटत नाही. तेच स्नायू, तीच हालचाल, दहा-बारा तास, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भरून निघायच्या आत दुसरा दिवस उजाडतो. वर्षानुवर्षं असं चाललं की स्नायू चिवट होण्याऐवजी थकत जातो.

दुसरं असं की काम सगळ्या स्नायूंना सारखं वाटलेलं नसतं. मानेपासून खांद्यापर्यंत उतरणारा ट्रॅपेझियस स्नायू वरच्या भागात अखंड ताणलेला राहतो, आणि खवाट्याला, म्हणजे पाठीवरच्या त्या चपट्या हाडाला, खाली आणि पुढे धरून ठेवणारे स्नायू नुसते बसून राहतात. एका यंत्रमाग कामगाराला मी शर्ट काढून दोन्ही हात समोरून हळूहळू वर घ्यायला सांगितलं होतं. डावा खवाटा पाठीला चिकटून सरकला. उजवा मात्र खाली येताना अर्ध्यावरच अर्धवट मिटलेल्या दारासारखा बाहेर आला. दंड चांगले भरलेले, पकड पोलादी. कमजोरी होती ती पाठीमागे, त्याला स्वतःला कधी दिसली नसती अशा जागी. मी मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवला, तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही.

खांद्यात नेमके कोणते स्नायू काम करतात?

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला मोठा चेंडू. बशी लहान असल्यामुळे हात चहूबाजूंनी फिरतो, पण त्यामुळेच चेंडू जागेवर ठेवायचं काम हाडाचं नसून स्नायूंचं आहे. खवाट्यापासून निघणारे चार लहान स्नायू चेंडूला चारी बाजूंनी धरून बशीत दाबून ठेवतात. त्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. बाहेरून दिसणारा डेल्टॉइड हात उचलतो, पण त्याची ओढ चेंडूला वर नेणारी असते. कफनं त्याच वेळी खाली धरलं नाही, तर चेंडू वरच्या हाडाच्या छपराकडे सरकतो. मधल्या फटीत कफचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी आहे, आणि फट आहे जेमतेम एक सेंटिमीटरची.

खवाटाही फिरावा लागतो. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या १८० अंशांपैकी साधारण १२० अंश सांध्यात होतात, तर उरलेले ६० खवाटा फिरल्यामुळे मिळतात. म्हणून मी खांदा तपासायला पाठीपासून सुरुवात करते.

जड काही उचलत नाही, नुसत्या विड्या वळते. तरी खांदा आणि मान का भरून येते?

मावशी, तुमचं काम हलकं दिसतं खरं, पण स्नायूच्या दृष्टीनं ते हलकं नाही.

मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, मान खाली आणि दोन्ही हात पुढे. हजार विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत बोटं चालतात, पण हात हवेत धरून ठेवलेले असतात ते खांद्यांनी. साठ किलो वजनाच्या माणसाचा एक हात साधारण तीन किलोचा असतो. तीन किलो तांदळाची पिशवी हात लांब करून पाच मिनिटं धरून बघा, म्हणजे खांदा दिवसभर काय सोसतो ते कळेल. विडी वळताना कोपरं अंगाजवळ असतात म्हणून भार त्याहून कमी असतो, पण तो सुटत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. स्नायू आवळलेला राहिला की त्याच्या आतला दाब वाढतो, रक्तप्रवाह मंदावतो. भार कमी असला तरी तासन् तास राहिल्यावर स्नायू भागतो. स्वीडनच्या बेंग्ट जॉन्सन यांनी १९७८ मध्ये दिवसभराच्या कामासाठी मर्यादा सुचवली होती: स्नायूवर सतत राहणारा भार त्याच्या पूर्ण ताकदीच्या २ टक्क्यांपर्यंत असावा, ५ टक्क्यांच्या वर तर जाऊच नये. नुसते हात पुढे धरले तरी आपण सहज याच्या वर जातो.

यामागचं एक कारण स्वीडनच्याच गोरान हेग यांनी १९९१ मध्ये मांडलं. स्नायूतले तंतू गटागटानं कामाला लागतात. हलक्या जोरासाठी आधी लहान तंतूंचे गट उठतात, जोर वाढला तर मोठे गट मदतीला येतात. जोर पूर्ण सुटेपर्यंत ते पहिले लहान गट मात्र थांबत नाहीत. सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांच्या नंतर झोपायचं, म्हणून या विचाराला परीकथेतल्या राबणाऱ्या सिंड्रेलाचं नाव मिळालं. मी इथं समजावताना थोरली सून म्हणते, बायकांना लगेच पटतं. हलकं काम या सुनेला कधीच सुट्टी देत नाही.

नॉर्वेत पॅकिंगचं काम करणाऱ्या स्त्रियांच्या ट्रॅपेझियसचे विद्युत संकेत मोजले गेले होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्या स्नायूत काम करताना क्षणाक्षणाचे विसावे कमी पडत होते, त्यांना पुढे दुखणं जडण्याची शक्यता जास्त होती. विसावे म्हणजे अर्धा-एक सेकंदाचे, डोळ्यांना न दिसणारे. म्हणून मी खांदे सोडायला सारखी सांगते.

दुखतं म्हणून ताकद जाते, की ताकद नाही म्हणून दुखतं?

दोन्ही. सुरुवात कुठूनही होवो, पुढे दोघं एकमेकांना ओढत नेतात.

दुखणाऱ्या जागेकडून आलेले इशारे मेंदू आणि मज्जारज्जू ओळखतात आणि त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाहीत. तुम्ही कितीही जोर लावायचा म्हटलं तरी आतून लगाम बसलेला असतो. मग शेजारचे स्नायू त्याचं काम अंगावर घेतात. कफ मंदावला की वरचा ट्रॅपेझियस पुढे होतो आणि हात उचलताना खांदा कानाकडे जातो. आरशासमोर हात वर करून बघा. दुखरा खांदा आधी वर उचलला जातो का? मग ही उसनवारी सुरू झालेली आहे, आणि उसनं काम करणारा स्नायू काही महिन्यांत स्वतः दुखायला लागतो. "आधी खांद्यात होतं, आता मानेत गेलं" असं सांगणारे बरेच जण याच वाटेनं आलेले असतात.

कमी होते ती नुसती ताकद नाही. डेन्मार्कमध्ये ट्रॅपेझियस दुखणाऱ्या स्त्रियांचे स्नायू तपासले, तेव्हा जोर लावायला सुरुवात केल्याच्या पहिल्या काही क्षणांत ताकद किती झटकन उभी राहते, हेही कमी झालेलं आढळलं. रोजच्या कामात याचा फार फरक पडतो. घागर निसटली, पोतं कलंडलं, बसमधला दांडा सुटला, तर खांद्याला सावरायला एक सेकंदसुद्धा मिळत नाही. मंद झालेला स्नायू वेळेवर पोचत नाही आणि सांध्याला हिसका बसतो.

स्नायूच्या आतही बदल दिसतात. स्वीडनमध्ये सफाईकाम करणाऱ्या स्त्रियांच्या ट्रॅपेझियसचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. दुखणाऱ्या स्नायूंत काही तंतू जाड झालेले होते, पण त्यांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या त्या मानानं तोकड्या. म्हणजे घर मोठं झालं, नळ तेवढाच राहिला.

पाणी येतं त्या दिवशी दुखणं जास्त असतं. हा योगायोग आहे का?

नाही. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि त्या दिवशी घरातल्या बाईच्या खांद्यावर पिंप, घागरी, बादल्या सगळं एका तासात येतं. आधीच थकलेल्या स्नायूला अचानक एवढा भार झेपत नाही. पूर्ण घागरीऐवजी अर्ध्या भरा, दोन्ही हातांत वाटून घ्या, पिंपापर्यंत पाईप ओढा, आणि घरातल्या पुरुषांना हाताशी घ्या. हे शेवटचं मी नवऱ्यासमोर मुद्दाम सांगते.

भाकरी थापणं, कपडे पिळणं, मूल कडेवर घेणं, हेही कामाच्या तासांत धरा. विडीवाल्या किंवा शिलाईवाल्या बाईचा दिवस आठ तासांवर संपत नाही.

मागावर काम करताना उजवाच खांदा का धरतो?

माग सुरू असताना कामगार उभा असतो, दोन किंवा जास्त मागांवर लक्ष ठेवतो. धागा तुटला की वाकून, हात लांबवून जोडायचा. धोट्यातली कांडी संपली की बदलायची. जकार्ड असेल तर वरची दोरी नीट करायला हात डोक्याच्या वर. यातली प्रत्येक गोष्ट सरावाच्या हातानं, बहुतेकांच्या उजव्यानं होते. हात खांद्याच्या पातळीच्या वर गेला की ती एक सेंटिमीटरची फट आणखी अरुंद होते आणि कफला अवघड कोनात जोर लावावा लागतो. कंडरा तिथं वारंवार दाबला जातो.

सोपा उपाय आधी करा. वर हात घालायचा असेल तेव्हा पायाखाली न डुगडुगणारी, बसकी, रुंद पायरी घ्या. एक फुटानं तुम्ही वर गेलात तर हात तेवढा कमी वर न्यावा लागतो. अनेक कारखान्यांत हे करायला जुना लाकडी खोका पुरतो. त्याचे कोपरे घासून घ्या आणि तो चालत्या पट्ट्याजवळ ठेवू नका.

शिलाईवाल्यांनी मशीनची उंची बघावी. कापड धरताना खांदे उचलले जात असतील तर टेबल उंच आहे किंवा खुर्ची बुटकी. खुर्चीवर घट्ट गादी टाका आणि पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवा.

हमालांचं काय?

कांद्याच्या मोसमात मार्केट यार्डात पिशव्यांची चळत उतरवणाऱ्यांचं दुखणं वेगळ्या जातीचं असतं. भार मोठा, झटका मोठा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषानं हातानं उचलायच्या वजनाची वरची मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. ही वरची मर्यादा आहे, दिवसभर उचलायचं वजन नव्हे. ढकलगाडी वापरा, पिशवी दोघांनी उचला, एकाच खांद्यावर सारखं घेऊ नका. आणि पिशवी फेकताना अंग न वळवता फक्त हात फिरवायची सवय असेल तर ती सोडा. तिनं कफवर जास्त ताण येतो.

एमआरआयमध्ये "कंडरा फाटलाय" आलंय. ऑपरेशन करावं लागेल का?

रिपोर्ट पाहून घाबरू नका. साठीनंतर ज्यांना काहीच दुखत नाही, अशाही अनेकांच्या कफमध्ये फाटलेलं दिसतं. फोटोत जे दिसतं, ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट. फट मोठी करण्यासाठी हाड तासायचं ऑपरेशन कित्येक वर्षं सर्रास होत होतं. ब्रिटन आणि फिनलंडमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत काही रुग्णांचं खरं ऑपरेशन झालं आणि काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांच्या दुखण्यात रुग्णाला जाणवेल असा फरक निघाला नाही. त्यामुळे बहुतेकांनी आधी तीन महिने नीट व्यायाम करून पाहावा. अपवाद आहेत. पडून किंवा झटका बसून एकदम हात उचलता येईनासा झाला असेल, विशेषतः वय कमी असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना आठवड्याभरात दाखवा. तिथं उशीर महागात पडतो.

मग कामावर सुट्टी टाकून पूर्ण विश्रांती घ्यावी का?

दोन-चार दिवस ठीक. त्यापुढे नुसत्या विश्रांतीनं दुखणं दबतं, पण स्नायू आणखी उतरतो. मग कामावर गेलं की आठवड्यात तिथंच. मी अशा चकरा वर्षभर मारणारे लोक पाहिलेत. दुखणारी हालचाल कमी करा, बाकी हात चालता ठेवा. गळ्यात पट्टा अडकवून महिनाभर हात बांधून ठेवणं तर टाळाच. खांदा आखडून बसतो.

व्यायाम कोणते करायचे? जिमला जायला पैसे नाहीत.

जिमची गरज नाही. सायकलची जुनी ट्यूब आणा, वॉल्व्हचा भाग कापून टाका, तडे गेलेत का ते बघा. पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं वजन. आणि घरात सोलापुरी टॉवेल असेलच.

पहिला व्यायाम भिंतीवरचे जोर. भिंतीपासून दीड फूट मागे उभं राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, कोपरं वाकवून छाती भिंतीकडे न्या आणि परत ढकला. कोपरं सरळ झाली की तिथं थांबू नका, पाठीतून आणखी दोन बोटं ढकला, खवाटे एकमेकांपासून लांब जातील एवढं. हे शेवटचे दोन बोटांचं ढकलणंच खवाट्याला पाठीशी धरणाऱ्या सेराटस स्नायूला जागं करतं.

दुसरा टॉवेलचा. टॉवेलची गुंडाळी करून कोपर आणि बरगडी यांच्यात धरा, कोपर काटकोनात. ट्यूबचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं हातात. हात पोटापासून बाहेर फिरवा, टॉवेल पडू देऊ नका. टॉवेल पडला म्हणजे डेल्टॉइड लबाडी करतोय. मग हळूहळू, तीन आकडे मोजत, आत या. हा कफच्या मागच्या स्नायूंसाठी.

तिसरा, ट्यूब गजात अडकवून दोन्ही टोकं हातात घ्या आणि कोपरं मागे ओढा, खवाटे जवळ आणा. खांदे कानाकडे जाऊ द्यायचे नाहीत.

चौथा, बाटली हातात घेऊन हात बाजूला, जरासा पुढच्या दिशेनं, अंगठा वर ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. उंचीच्या वर नेऊ नका. दुखत असेल तर अर्धी भरलेली बाटली घ्या.

प्रत्येकी बारा ते पंधरा वेळा, दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. पंधरावी वेळ सहज जमली तर भार कमी आहे, पुढच्या वेळी ट्यूब दुहेरी करा. बारावीच्या आत दमलात तर हलकं करा.

भार वाढवताना आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज आठवा. संक्रांतीला सात नंदीध्वज पेलणारे मानकरी यात्रेच्या दिवशी पहिल्यांदा काठी उचलत नाहीत, त्याआधी कितीतरी दिवस सराव चालतो. खांद्यालाही एकदम मोठी काठी देऊ नका.

व्यायाम करताना दुखलं तर?

दहापैकी तीन-चार एवढं दुखलं तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर फेऱ्या कमी करा, व्यायाम सोडू नका. पहिल्या आठवड्यात स्नायू अंगभर भरून आल्यासारखे वाटतात. ते दुखणं आणि खांद्यातली बारीक कळ यातला फरक दोन आठवड्यांत कळायला लागतो.

किती दिवसांत फरक पडतो?

दहा ते बारा आठवडे धरा. दुखणं आधी कमी होतं, ताकद त्यानंतर येते. डेन्मार्कमध्ये कत्तलखान्यात काम करणाऱ्या, हाताच्या जुन्या दुखण्याच्या ६६ कामगारांवर चाचणी झाली. अर्ध्यांनी आठवड्यातून तीनदा दहा-दहा मिनिटं ताकदीचे व्यायाम केले, अर्ध्यांना कामाची जागा कशी सुधारायची याचा सल्ला मिळाला. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. तेही काम चालू असताना. आठवड्याला अर्धा तास, याहून स्वस्त औषध मला माहीत नाही.

बारा तासांची पाळी आणि मजुरी नगावर. थांबायला वेळ कुठून आणू?

मला कळतं. थांबलं की पैसे जातात, म्हणून कामगार थांबत नाही. हे त्याचं अज्ञान नाही, हिशेब आहे. म्हणून मी अर्धा तास मागत नाही. दर पंधरा मिनिटांनी वीस सेकंद हात मांडीवर पडू द्या, खांदे एकदा वर घेऊन सोडून द्या. विडीवाल्यांनी विड्यांचा दर कट्टा (जुडी) बांधून झाला की करावं, म्हणजे वेगळं मोजायला लागत नाही. पाठीला भिंतीचा टेकू घ्या. सुपाखाली उशी ठेवा, म्हणजे मान कमी वाकते. पानं आणि तंबाखू कोपर न उचलता हाताला लागतील एवढ्या जवळ.

उन्हाळ्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याखाली काम असेल तर पाणी प्या, कमी पाण्यात स्नायू लवकर दमतो.

घरचं टेन्शन असलं की खांदे जास्त आवळतात, खरं का?

खरं. काळजीनं ट्रॅपेझियसचा ताण वाढतो आणि झोप कमी झाली की दुखणं जास्त जाणवतं. महिनोन् महिने दुखत राहिलं की मज्जासंस्थाच संवेदनशील होते, हलक्या स्पर्शालाही कळ येते. "मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दुखणं खरं आहे.

मला शुगर आहे. खांदा चारी बाजूंनी आखडलाय. हे तेच का?

नाही, बहुधा फ्रोझन शोल्डर. चाळीस ते साठ वयात, आणि मधुमेह असणाऱ्यांत बरंच जास्त आढळतं. ओळख अशी: स्वतः उचलायला जावं तर येत नाहीच, पण दुसऱ्यानं हात धरून बाहेर फिरवला तरी तो फिरत नाही. कमजोर खांदा दुसऱ्यानं उचलला की सहसा जातो. हे दुखणं वर्ष-दोन वर्षं, कधी जास्त काळ चालतं. यातले व्यायाम वेगळे आहेत. वर सांगितलेले जोरात करू नका. आधी साखर तपासून घ्या.

गोळी, इंजेक्शन, मालिश?

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने खाऊ नका. पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात. उन्हात घाम गाळणाऱ्याला धोका जास्त. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे आराम मिळतो आणि त्या काळात व्यायाम सुरू करता येतो, पण एकामागून एक घेत राहू नका. मालिश आणि शेक सुखावतात, जरूर करा. खांदा झटक्यानं "बसवून" घेणं मात्र नको.

कधी ताबडतोब दवाखाना गाठायचा?

डाव्या खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर खांद्याचा विचार न करता सरळ इमर्जन्सीत. पडल्यावर खांद्याचा आकार बदलला, ताप आणि सूज आहे, वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं दिवसेंदिवस वाढतंय, हाताला मुंग्या येऊन पकड सुटतेय, पूर्वी क्षयरोग किंवा कॅन्सर झालाय, यातलं काहीही असलं तर थांबू नका.

उपचार परवडत नाहीत. कुठे जायचं?

सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, तिथं अस्थिरोग विभाग आहे. कारखान्यात ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर कार्ड जवळ ठेवा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे त्यात येतात, आणि आजारपणाच्या रजेत अटी पुऱ्या होत असतील तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कितीतरी कामगारांना स्वतःचा विमा क्रमांक माहीत नसतो. पगाराच्या दिवशी विचारून लिहून घ्या. विडी कामगारांनी ओळखपत्र घेऊन कामगार कल्याण खात्याच्या दवाखान्यात जावं.

तपासायला येताना काय सांगायचं, काय आणायचं?

दुखतं कुठे यापेक्षा कशानं वाढतं ते सांगा: धागा जोडताना, कूस बदलताना, ब्लाऊजची हुकं लावताना, डबा फळीवर ठेवताना. दिवसाचे किती तास, किती माग, किती नग, ते खरं सांगा; कमी करून सांगू नका. काम करतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ शेजारणीकडून काढून आणलात तर माझं निम्मं काम होतं. चालू गोळ्यांची पाकिटं आणा, साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणा. आणि सैल बाहीचा कपडा घालून या. पाठ आणि खवाटा बघितल्याशिवाय मी खांदा तपासला असं म्हणणार नाही.